दोन पदकें

सैनिकाच्या छातीवरील रंगीत फिती पाहून आपण कौतुकानें मान डोलावतों. पण त्या वाचावयास शिकलों, तर त्यांत इतिहास सांपडतो. एअर कमोडोर मेहेरसिंग यांचीं दोन पदकेंच घ्या.

पहिलें, ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर’, त्यांस १९४४ सालीं मिळालें. आराकानच्या रणक्षेत्रांत सहाव्या स्क्वॉड्रनचें नेतृत्व करून त्यांनीं हरिकेन विमानांतून जपानी सैन्याच्या हालचाली टिपल्या होत्या. हिंदी हवाईदलांतील दुसऱ्या कोणासही हा मान लाभला नाहीं. पण तो देणारा राजा परका होता. मग अशा पदकाचा अभिमान आपण बाळगावा काय?

उत्तर पुढील वर्षांनीं दिलें. १९४७ च्या हिवाळ्यांत वेढलेल्या पूंछमध्यें हजारों निर्वासित अडकले असतां, तेथील नव्या धावपट्टीवर प्रथम डाकोटा उतरविलें तें मेहेरसिंगांनीं. २४ मे १९४८ रोजीं जनरल थिमय्यांस घेऊन, हिमालय ओलांडून, ते ११,००० फुटांवरील लेह येथें उतरले. आराकानांत कसाला लागलेलें धैर्य आतां स्वदेशाच्या कामीं आलें.

त्याबद्दल त्यांस महावीरचक्र मिळालें. हें चक्र स्थापन झालें २६ जानेवारी १९५० रोजीं; तोंवर त्यांनीं हवाईदल सोडलेंही होतें. १९५२ सालीं विमान-अपघातांत त्यांचा अंत झाला.

एक पदक राजाचें, दुसरें प्रजासत्ताकाचें. शौर्य मात्र एकाच माणसाचें. म्हणून पहिल्याविषयीं आपण संकोच बाळगण्याचें कारण नाहीं.