रेडिएटर पंखा

रेडिएटर पंखा हा मोटारगाडीच्या शीतन प्रणालीचा एक घटक आहे. गाडी थांबलेली किंवा संथ चालत असताना रेडिएटरमधून हवा खेळती ठेवणे हे त्याचे कार्य होय. वेगात धावणाऱ्या गाडीत समोरून येणारी हवाच हे काम करते. त्यामुळे पंख्यातील बिघाड बहुधा रहदारीत उघडकीस येतो.

रचना

जुन्या गाड्यांत पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरत असे. आडव्या बसवलेल्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट रेडिएटरला समांतर असल्याने अशा गाड्यांत १२ व्होल्टच्या मोटरवर चालणारा पंखा रूढ झाला. कूलंट साधारणतः ९५ ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावर संवेदकाच्या संकेताने रिले जोडला जातो व पंखा सुरू होतो. बहुतेक गाड्यांत एसी लावल्यावरही तो चालतो.

बिघाडाची लक्षणे

सिग्नलला थांबल्यावर तापमानदर्शक काटा वर चढणे व गाडी धावू लागताच खाली येणे, तसेच उभ्या गाडीत एसीचा गारवा कमी होणे, ही प्रमुख लक्षणे आहेत. तापलेले इंजिन तसेच चालवल्यास हेड गॅस्केट जळू शकते किंवा सिलिंडर हेड वाकडे होऊ शकते.

निदान

प्रथम कूलंटची पातळी पाहतात. ती फार खालावल्यास संवेदक द्रवात बुडत नाही आणि पंखा निर्दोष असूनही सुरू होत नाही. त्यानंतर फ्यूज व रिले तपासतात. मोटरला बॅटरीतून फ्यूजयुक्त तारेने थेट प्रवाह दिल्यावर पंखा फिरला, तर दोष संवेदक, रिले किंवा वायरिंगमध्ये असतो. न फिरल्यास मोटर निकामी समजतात. पंखा केवळ जलद गतीवरच चालत असल्यास, रेझिस्टरद्वारे गती नियंत्रित करणाऱ्या गाड्यांत तो रेझिस्टर जळालेला असण्याची शक्यता असते.

बदलण्याची पद्धत

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची ऋण जोडणी काढतात. मोटरचा कनेक्टर सोडवून, आवरणाचे बोल्ट काढून पंखा आवरणासह उचलतात. रेडिएटरच्या नाजूक पातळ पट्ट्यांना धक्का लागू नये म्हणून मध्ये पुठ्ठा ठेवणे सोयीचे असते. नव्या पंख्याची हवा ओढण्याची दिशा जुन्यासारखीच असावी लागते. शेवटी इंजिन तापवून पंखा आपोआप सुरू व बंद होतो का, हे पाहतात.

सुरक्षितता

अनेक गाड्यांत चावी बंद असतानाही पंखा अचानक फिरू शकतो. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास दाबाखालील उकळता द्रव उसळून गंभीर भाजू शकते. कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल गोडसर पण विषारी असल्याने सांडलेला द्रव मुले व जनावरांपासून दूर ठेवणे आवश्यक असते.