पदाची पायरी आणि पदाचे वतन

शिवछत्रपतींच्या लष्करात उमेदीने चाकरीस राहिलेल्या बारगिराच्या पुढे एक स्पष्ट वाट आखलेली होती. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी, त्यावर पंचहजारी आणि सर्वांवर सरनौबत, अशी ती चढण असे. आणि प्रत्येक पायरीचा मोबदला जमिनीच्या रूपाने नव्हे तर रोख होनांत मिळत असल्यामुळे, पद हे घरी नेऊन मुलाच्या हाती ठेवण्याची जिन्नस नसून स्वतः करावयाचे काम आहे, ही जाणीव त्या व्यवस्थेच्या मुळाशीच होती. सरनौबतीच्या पदावर माणकोजी दहातोंडे, नेताजी पालकर, प्रतापराव गुजर आणि हंबीरराव मोहिते असे चार पुरुष क्रमाने आले, ते चार निरनिराळ्या घराण्यांतले. आणि १६७४ साली नेसरीच्या खिंडीत प्रतापराव पडले, तेव्हा पागेतील हंसाजी मोहित्यांची पारख करून महाराजांनी त्यांना हंबीरराव हा किताब व सरनौबती दिली. पंडितराव व न्यायाधीश यांखेरीज अष्टप्रधानांनाही प्रसंगी मोहिमेवर जावे लागे. गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस यांची कामे परस्परांपासून वेगळी ठेवलेली असत, म्हणजे एकाच्या हाती सर्व सत्ता एकवटत नसे. अधिकार मोठा, पण त्याची झडती त्याहून मोठी, असा हा दंडक होता.

तो मोडला तो लोभाने नव्हे, संकटाने. संभाजी महाराजांच्या वधानंतर राजाराम महाराज जिंजीस अडकले, खजिना रिता झाला, आणि औरंगजेबाकडून जहागिरींची आमिषे येऊ लागली असता सरदारांना राज्याशी बांधून ठेवण्यास वतनांच्या सनदा देण्यावाचून दुसरा उपाय उरला नाही. राज्य त्यामुळे वाचले, ही त्या सनदांची पुण्याई नाकारता येणार नाही. परंतु आपत्काली दिलेली सवलत शांततेच्या काळात परत घेतली गेली नाही आणि पदे हळूहळू घराण्यांची झाली. १७२० साली बाळाजी विश्वनाथांच्या मृत्यूनंतर विशीही न ओलांडलेल्या बाजीरावांना शाहू महाराजांनी पेशवाईची वस्त्रे दिली. बाजीराव अलौकिक निघाले, आणि त्यांच्या यशाने वंशपरंपरेतला धोका झाकून टाकला.

तो धोका इतरत्र मात्र उघड दिसत होता. १७३१ साली डभईच्या लढाईत सेनापती त्रिंबकराव दाभाडे पडल्यावर सेनापतिपद त्यांचे बंधू यशवंतराव यांच्याकडे गेले, पण गुजराथेतील खरी कर्तबगारी दाभाड्यांच्या हाताखालच्या गायकवाडांची राहिली. साताऱ्याच्या गादीचा कारभार पेशव्यांकडे आला. आणि १७७४ साली अवघ्या चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांना वस्त्रे मिळाली, तेव्हा पेशव्यांचा कारभार, ज्यांच्या घराण्याचे मूळ काम हिशेबाचे, त्या नाना फडणिसांच्या आणि त्यांच्या सहकारी बारभाईंच्या हाती गेला.

वतनदारीने कर्तृत्व मरत नाही, हेच या साऱ्या घटनाक्रमातून मला दिसते; कर्तृत्वाला वरची जागा बंद झाली की ते खालच्या जागेवरून राज्य चालवू लागते, आणि अनर्थ नेमका तेथे सुरू होतो. कारण अशा पुरुषाला प्रत्येक हुकूम दुसऱ्याच्या नावाने काढावा लागतो, त्याचा अधिकार कोणत्याही सनदेत लिहिलेला नसतो, आणि म्हणून तो टिकविण्यास त्याला अखंड जुळवाजुळव करावी लागते. नानांसारख्या असामान्य बुद्धीच्या मुत्सद्द्यालाही १७७८ साली स्वतःच्याच चुलतभावाने, मोरोबांनी, कारभारावरून काही काळ दूर केले, आणि जे बळ इंग्रजांविरुद्ध लागावयाचे त्यातले पुष्कळसे घरच्या कटांत वेचले गेले. पद एकाचे, काम दुसऱ्याचे, अशी स्थिती ज्या दफ्तरात, कारखान्यात वा संस्थेत येते, तेथे चुकीचा जाब कोणाला विचारावा हेच कळेनासे होते. शिवछत्रपतींनी पदोन्नतीची वाट पागेतल्या बारगिरापर्यंत उघडी ठेवली, त्यात गुणीजनांवरील कृपा होतीच; पण त्याहून मोठी गोष्ट ही, की ज्याच्या हाती हुकूम, त्याच्याच माथी जबाबदारी ठेवण्याचा तो एकमेव खात्रीचा उपाय होता.