गार्डियन (लायगो)

गार्डियन ही लायगो या गुरुत्वीय लहरी वेधशाळेतील उपकरणांची स्थिती तपासणारी आणि त्यांचे नियंत्रण करणारी संगणकीय प्रणाली आहे. ती पायथॉन भाषेत लिहिलेली असून अमेरिकेतील हॅनफर्ड व लिव्हिंगस्टन येथील शोधयंत्रांवर वापरली जाते.

रचना

प्रत्येक शोधयंत्राला ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असतात. लेसर, आरसे व कंपनरोधक यंत्रणा यांचा मेळ बसल्याशिवाय निरीक्षण करता येत नाही. गार्डियनमध्ये निरनिराळ्या उपयंत्रणांसाठी स्वतंत्र नियंत्रक असतात. त्यांना 'नोड' म्हणतात. नोडच्या संभाव्य अवस्था व त्यांमधील मार्ग आधीच लिहून ठेवलेले असतात. व्यवस्थापक नोड इतर नोडांना आदेश देतात.

स्थितीची तपासणी

नोड केवळ चालू आहे म्हणून तो ठीक मानला जात नाही. त्याची प्रत्यक्ष अवस्था, मागितलेली अवस्था आणि निरीक्षणासाठी ठरवलेली अवस्था एकच असावी लागते. त्रुटीही नसावी लागते. अवस्था चुकीची असल्यास त्या काळातील नोंदी लहरींच्या शोधासाठी भरवशाच्या ठरत नाहीत.

लायगो-भारत

याच रचनेच्या शोधयंत्रासाठी हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा हे ठिकाण निवडण्यात आले. केंद्र सरकारने प्रकल्पाला फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः व एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मान्यता दिली; मंजूर खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये आहे. लहरीची दिशा ठरवण्यासाठी दूरदूरची शोधयंत्रे एकाच वेळी निरीक्षणक्षम असावी लागतात. त्यामुळे प्रत्येक ठिकाणची स्थिती अचूक कळणे महत्त्वाचे ठरते.