साक्री परिसरातील सच्छिद्र खडक आणि पाणीव्यवस्थेचा इतिहास

प्रस्तावना :
पाण्यावर तरंगणारा दगड म्हणून पमीस परिचित आहे. सिलिकायुक्त लाव्हा स्फोटक उद्रेकात झपाट्याने निवतो, वायूचे बुडबुडे आतच अडकतात आणि फेसासारखा हलका खडक तयार होतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे दक्खनमधील उद्रेक मात्र प्रामुख्याने शांत स्वरूपाचे होते. भेगांमधून पातळ बेसॉल्टी लाव्हा वाहत आला. त्यामुळे धुळे जिल्ह्यातील साक्री परिसरात पमीस नव्हे, तर त्याच्याशी दूरचे नाते सांगणारा सच्छिद्र बेसॉल्ट आढळतो. महाराष्ट्रात विहीर खोदणारे त्याला ‘मांजऱ्या’ म्हणतात. या खडकाचा आणि स्थानिक पाणीव्यवस्थेचा संबंध प्रस्तुत लेखात तपासला आहे.

खडकाचे स्वरूप :
लाव्ह्याच्या थरातील वायू वर चढल्याने थराचा माथा सच्छिद्र, तर मध्यभाग घट्ट बनला. पुढे बरीच छिद्रे झिओलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्झ या खनिजांनी भरून गेली. खडकाला छिद्रे असली म्हणजे त्यात पाणी साठतेच असे नाही. ती परस्परांशी जोडलेली असावी लागतात. त्यामुळे येथील भूजल मुख्यतः झिजलेल्या थरात व सांध्यांत राहते. त्यातच उभ्या शिलाभित्ती या थरांना छेदून जातात. नंदुरबार-धुळे पट्ट्यातील अशा २१० भित्तींचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. अशी भित्ती कोठे भूजल अडवते, तर कोठे भेगांतून त्यास वाट देते. म्हणूनच एक विहीर भरलेली असता शेजारची कोरडी राहू शकते.

फड पद्धती :
अशा बेभरवशाच्या भूजलाच्या प्रदेशात पांझरा व तिच्या उपनद्यांवर बंधारे बांधून वाहते पाणी वळविण्याची फड पद्धती रुजली. ही पद्धती तीन-चार शतकांची मानली जाते. बंधाऱ्याखालील जमिनीचे फड पाडून एका फडात एकच पीक घेतले जाई. पाणी देण्याचे काम पाटकरी, तर राखणीचे काम जागल्या करीत असे. पाणी कोणा एकाच्या मालकीचे न राहता गावाच्या शिस्तीचा विषय बनले, हे या पद्धतीचे सामाजिक महत्त्व होय.

बारीपाड्याचा अनुभव :
साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी गावाने १९९० च्या दशकाच्या प्रारंभापासून सुमारे ४०० हेक्टर जंगल राखले व उतारावर पाणी अडविले. मातीच्या आवरणामुळे पावसाच्या पाण्याला झिजलेल्या खडकात मुरण्यास अवधी मिळाला. या कार्यातील अग्रणी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री सन्मान जाहीर झाला.

निष्कर्ष :
साक्रीच्या टंचाईचा विचार केवळ पर्जन्यमानाच्या आकड्यांवरून करता येत नाही. येथील खडक पाणी फार काळ धरून ठेवत नाही. ते अडविण्याची व वाटून घेण्याची व्यवस्था समाजालाच उभारावी लागली. विंधनविहिरींनी पाणी वैयक्तिक केले असले, तरी तिचा स्रोत सामाईकच आहे. फड आणि बारीपाडा यांचा इतिहास नेमके हेच सांगतो. म्हणून प्रादेशिक इतिहासाच्या अभ्यासकांनी दप्तरांबरोबरच पायाखालचा दगडही साधन म्हणून वाचणे आवश्यक ठरते.