गवंड्याचे घर

टॉमस हार्डी या इंग्रज कादंबरीकाराचे नाव आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाचे आहे. त्याच्या वडिलांचे नावही टॉमस हार्डीच होते. परंतु आज त्यांची ओळख मुलाच्या नावावाचून करून देता येत नाही. मला बोलावयाचे आहे ते या थोरल्या टॉमसविषयी. तो धंद्याने गवंडी व बांधकामाचा कंत्राटदार होता. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची घरे उभारली, त्याचे राहते घर मात्र खऱ्या अर्थाने त्याचे नव्हते.

त्याचा जन्म १८११ सालचा. दक्षिण इंग्लंडातील डॉर्सेट परगण्यात, डॉर्चेस्टर गावापासून सुमारे तीन मैलांवर, हायर बॉकहॅम्प्टन नावाची लहानशी वस्ती आहे. तेथे १८०० च्या सुमारास त्याच्या आजोबांनी, जॉन हार्डी यांनी, आपल्या मुलासाठी एक घर बांधले. भिंती पेंढा मिसळलेल्या मातीच्या. छप्पर गवताने शाकारलेले. घर हार्डींनी बांधले, पण जमीन इस्टेटीच्या मालकाची. त्या भागात असा पट्टा वर्षांच्या मुदतीवर न देता माणसांच्या हयातीवर देत. पट्ट्यात बहुधा तिघांची नावे असत. त्यांतील शेवटचा मनुष्य वारला, की जमीन वरच्या घरासकट मालकाकडे परत जाई. घराचे आयुष्य भिंतींच्या बळकटपणावर नव्हे, तर एखाद्या वृद्धाच्या श्वासावर अवलंबून असे!

१८३९ साली टॉमसने जेमाइमा हँड हिच्याशी विवाह केला. ती विवाहापूर्वी मोलकरणीचे काम करी. वाचनाची मात्र तिला मोठी आवड. त्यांना दोन मुलगे व दोन मुली झाल्या. घराच्या मागच्या बाजूस गज बसविलेली एक छोटी खिडकी आजही दिसते. तिच्यातून मजुरांना पगार वाटीत, असे सांगतात. धंदा बेताचा चाले, आणि तो वाढविण्याची घाई टॉमसला कधीच नव्हती. उन्हाळ्यात गवताच्या बांधावर स्वस्थ पडून राहावे, नाकतोडे अंगावरून उड्या मारीत जावेत, हे त्याचे सुख होते.

त्याचे दुसरे सुख म्हणजे व्हायोलिन. स्टिन्सफर्डच्या चर्चमध्ये तो, त्याचा भाऊ व त्यांचे वडील उपासनेच्या वेळी वाद्ये वाजवीत. दिवसा थापी धरणारे हात रविवारी गज फिरवीत. गोव्याच्या जुन्या चर्चशाळांतून व्हायोलिन शिकलेल्या पिढ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. पुढे ते वादकमंडळ मोडले. मुलाला ते प्रत्यक्ष ऐकावयास मिळाले नाही. तथापि घरातील आठवणींवरून त्याने १८७२ साली ‘अंडर द ग्रीनवुड ट्री’ ही कादंबरी प्रसिद्ध केली.

पित्याने मुलांना शिकविले. १८५६ साली, सोळाव्या वर्षी, थोरल्या मुलाला त्याने डॉर्चेस्टरच्या जॉन हिक्स या वास्तुशिल्पज्ञाकडे उमेदवारीस ठेवले. दोन्ही मुली सॉल्सबरीच्या अध्यापन विद्यालयात शिकून शिक्षिका झाल्या. धाकटा हेन्री बापाच्याच धंद्यात राहिला. १८८५ साली कादंबरीकाराने डॉर्चेस्टरजवळ ‘मॅक्स गेट’ हे स्वतःचे घर उभे केले, तेव्हा आराखडा त्याचा होता आणि बांधकाम पित्याच्या व भावाच्या पेढीचे.

परंतु हयातीच्या पट्ट्याचे भय मुलाच्या मनातून गेले नाही. १८८७ च्या ‘दि वुडलँडर्स’मध्ये एक म्हातारा मरतो आणि नायकाची घरे जातात. १८९१ च्या ‘टेस’मध्ये बाप मरताच विधवा व तिची मुले बिऱ्हाडासह रस्त्यावर येतात. गरिबाचे दुःख केवळ दैवाने घडत नाही, ते कागदावरच्या कराराने घडते, हे या गवंड्याच्या मुलाने बालपणीच जाणले होते.

‘टेस’नंतर वर्षभरातच, २० जुलै १८९२ रोजी, थोरला टॉमस आपल्या जन्मघरीच वारला. अखेरच्या दिवशी त्याने विहिरीचे ताजे पाणी मागितले आणि ते चाखून, आपण आपल्या घरी आहोत याची खूण पटल्याचे सांगितले. कायद्याने काहीही म्हटले असो. घर कोणाचे, याचा त्याचा पुरावा त्या पाण्याच्या चवीत होता. जेमाइमाही १९०४ साली त्याच घरात निवर्तली.

चारही भावंडांपैकी कोणालाच अपत्य झाले नाही. शेवटची बहीण १९४० साली वारली आणि वंश संपला. घरे मात्र उभी आहेत. ‘मॅक्स गेट’ व बॉकहॅम्प्टनचे ते मातीचे घर आज ‘नॅशनल ट्रस्ट’ ही संस्था जतन करते, आणि देशोदेशीचे लोक ते पाहावयास येतात. ज्या घराची मुदत माणसांच्या हयातीवर मोजली गेली होती, ते त्या सर्व हयाती ओलांडून उरले. आपल्याही गावांतून असे किती गवंडी होऊन गेले असतील! त्यांची नावे कोणत्याही कागदावर नसतील. पण त्यांनी ओळंबा लावून रचलेल्या भिंतींच्या आडोशाला आपण आजही राहतो.