संधिवाताभ संधिशोथ : रक्तरस-विक्रियांचा इतिहास
या रोगाच्या रुग्णांच्या रक्तरसाने मालागोलाणूंचे (स्ट्रेप्टोकॉकस) समूहन होते म्हणजे त्यांचे पुंजके बनतात, असे अमेरिकेत १९३१ च्या सुमारास आढळले. त्यावरून आर. एल. सेसिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सूक्ष्मजंतूच रोगाचे कारण मानले. संसर्गाचे मूळ नष्ट करण्यासाठी त्या काळी अनेक रुग्णांचे दात व गिलायू (टॉन्सिल) काढले जात. मात्र त्याने रोग हटत नसे. नॉर्वेमधील ई. वॉलर यांना १९४० मध्ये, प्रतिपिंडे चिकटलेल्या मेंढीच्या तांबड्या कोशिकांचेही अशा रक्तरसाने समूहन होते, असे दिसून आले. याला कारण असलेला संधिवाताभ घटक हा इतर प्रतिपिंडांनाच जोडला जाणारा प्रतिपिंड होय, हे पुढे सिद्ध झाले. सूक्ष्मजंतूंवरील प्रतिपिंडांनाही तो जोडत असल्याने त्यांचे समूहन वाढते. म्हणून केवळ समूहनावरून रोगाचे कारण ठरविता येत नाही.