टायर मोठे, मीटर मागे

उत्पादन थांबले तरी मारुती जिप्सीचे चाहते कायम आहेत. जिप्सी किंगचे मूळ टायर २०५/७० आर १५. हौशी मंडळी २३५/७५ आर १५ चढवतात. व्यास सुमारे ६५ मिलिमीटरने वाढतो, परंतु गाडी उचलली जाते त्याच्या निम्मीच. शिवाय स्पीडोमीटर ताशी ६० दाखवत असताना प्रत्यक्ष वेग ६६च्या आसपास असतो, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते!

आणखी उंचीसाठी पाटे बदलल्यास शॉकॲब्सॉर्बरही लांब हवेत. अन्यथा खड्ड्यात ते पूर्ण ताणले जाऊन निकामी होतात. ब्रेकचा रबरी पाइप ताणला गेला तर जिवाशीच गाठ.

मात्र उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरबदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ संदर्भात स्पष्ट केले आहे.